आंधळ्या पिशवीतलं मीठ

त्या दिवशी वासाचा तास होता. वर्षाताईंनी हिंग, साबण आणि झेंडूची फुलं साडीच्या चिंध्यांत बांधली होती आणि सुरतेतल्या डिंडोलीच्या आमच्या बालवाडीतली पोरं डोळे मिटून पुरचुंड्या हुंगत होती. "टीचर, ही मम्मीची दाळ," एक जण म्हणाली. तेवढ्यात फोन वाजला. इथे वर्षाताईंबरोबर शिकवणाऱ्या शोभाबाईंचा मुलगा योगराज गावाहून बोलत होता. भाचीच्या लग्नाला गेलेल्या शोभाबाई सकाळी चहा घेता घेता वारल्या होत्या.

वर्षाताईंनी फोन खाली ठेवला. मग त्यांनी झेंडूची पुरचुंडी पुढच्या मुलाच्या नाकाशी धरली. त्याची पाळी राहिली होती.

मी खिळ्याला टांगलेली होते. मी एक कापडी पिशवी. मला शोभाबाईंनीच शिवलं. माझी एक बाजू मखमलीची, दुसरी साड्यांच्या पार्सलवरच्या गोणपाटाची. तोंडाला इलास्टिक, म्हणजे आत हात जाईल पण नजर जाणार नाही. म्हणून पोरं मला आंधळी पिशवी म्हणतात. माझ्या पोटात शिंपला, लोकरीचा गुंडा, नारळाची शेंडी, गुळगुळीत गोटा. चाचपायचं आणि काय लागतंय ते सांगायचं. लहान मुलं कोपरापर्यंत हात घालतात. मोठी माणसं आधी विचारतात, "आत काय आहे?"

चवीच्या तासाला माझ्यातून दोन डब्या निघत, एक साखरेची, एक मिठाची. डोळ्यांवर ओढणी बांधायची, दोन्ही चाखायच्या आणि शोभाबाई विचारतील ती डबी पुढे करायची.

यंदा चंचल आली. मोठ्या डोळ्यांची, तोंडातून शब्द न काढणारी. वडील हेमराज पांडेसरा भागातल्या रंगाच्या कारखान्यात, आई घरी साड्यांना खडे चिकटवणारी. शोभाबाईंनी तिला विचारलं, "मिठं कोणतं?" चंचलने मिठाची डबी पुढे केली. पुन्हा विचारलं, पुन्हा मिठाचीच. इतर मुलांनी साखर दिली होती.

गावाला निघण्याआधी शोभाबाईंनी हेमराजला बोलावून घेतलं. त्यांचा आवाज मऊ होता. "भाऊ, पोरगी बोलत नाही आणि चवीतला फरकही तिला कळत नाही. मोठ्या डॉक्टरांना दाखवा."

हेमराजने मान खाली घातली. डॉक्टरांना दाखवून झालं की नाही, ते मला कळलं नाही. कळलं ते एवढंच, की ही शाळा तिला जमत नाही म्हणून पोरीला गावी आजीकडे ठेवायचं ठरलं. तिथे बालवाडी लांब होती आणि आजीला गुडघ्यांमुळे चालवत नव्हतं.

शोभाबाई गेल्याच्या पुढच्या आठवड्यात तो तिला न्यायला आला. नखांच्या कडांना निळा रंग, काखेत तिचं दप्तर. चवीचाच तास चालू होता.

"एवढा तास होऊ द्या," वर्षाताई म्हणाल्या. "शेवटचा आहे तिचा."

तो दाराशी उकिडवा बसला. चंचलच्या डोळ्यांवर ओढणी बांधली गेली. वर्षाताईंनी शोभाबाईंच्याच शब्दांत विचारलं, "मिठं कोणतं?"

चंचलने मिठाची डबी पुढे केली. वर्षाताईंनी हळूच सुस्कारा सोडला.

हेमराजने आधी डबीकडे बघितलं, मग वर्षाताईंकडे. "काय आहे त्यात?"

"मीठ."

"अन् तुम्ही मागितलं काय?"

"मिठं."

"मग दिलं ना तिनं." त्याला हसू येत होतं, पण तो हसला नाही. "ताई, आमच्या घरात मिठं म्हणजे मीठच. तुमचं हे सुरतचं मिठं तिला काय ठाऊक?" मग तो पोरीकडे सरकला आणि घरच्या अहिराणीत म्हणाला, "गोड कोणतं शे वं, माय?"

चंचलचा हात दुसऱ्या डबीवर गेला. "हाई," ती म्हणाली.

मागून एका मुलीने विचारलं, "हाई म्हणजे काय?" तेव्हा चंचलने ओढणी वर सरकवून तिच्याकडे अशी नजर टाकली, की एवढंही कळत नाही का हिला.

शोभाबाई सुरतेत इतकी वर्षं राहिल्या, की बाजारात, शेजारात, वर्गात त्यांच्या तोंडी गोडासाठी तोच शब्द बसला होता. वर्गात गुजराती मुलं होती, हिंदीवाली होती. सगळ्यांना कळावं म्हणूनच त्या 'मिठं' म्हणायच्या.

हेमराज एकटाच परत गेला. दप्तर पुन्हा खुंटीवर गेलं.

आता वर्षाताई प्रत्येक चव तीन-चार शब्दांत विचारतात, आणि घरी त्या चवीला काय म्हणतात तेही मुलांना विचारतात. चंचल बोलते, कधीकधी गप्प बसवावं लागेल इतकं. माझं इलास्टिक सैल झालंय, गोणपाट उसवतोय. कोणी दोन टाके घातले तर अजून बरेच हात माझ्यात मावतील. आणि माझ्यात हात घालून कोणी तुम्हाला न कळणारा शब्द बोललं, तर त्याला एकदा पुन्हा विचारा, वेगळ्या शब्दात.

पोरीने बरोबर डबी दिली होती, हे शोभाबाईंना सांगायचं राहून गेलं.