मेंढ्यांचा होकार

कत्तलखान्याच्या फाटकाशी सकाळी आठलाच एवढी गर्दी जमेल, असं वर्षभरापूर्वी कोणी सांगितलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. तेव्हा माणसं या रस्त्यावरून जाताना नाकाला रुमाल लावत आणि झपाझप पावलं उचलत. आता तीच माणसं ठेवणीतले कपडे घालून, लेकराबाळांना कडेवर घेऊन येत होती आणि आतल्या अंगणाच्या लोखंडी कठड्याला रेलून जागा धरत होती. कारण आत, नुकत्याच धुतलेल्या फरशीवर, एक मेंढी मरायला ‘हो’ म्हणणार होती.

बाबा आले. अंगावर जाड करडी शाल, पायात काही नाही. नाव विचारलं तर “नाव देहाला असतं” म्हणत, म्हणून लोकांनीच त्यांना संमतीबाबा करून टाकलं होतं. त्यांनी मेंढीला शालीच्या आडोशाला घेतलं, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि कुजबुजायला सुरुवात केली.

“घाई करू नका,” मध्येच मान वर करून ते म्हणाले. “हिचा सूक्ष्म देह जरा लाजाळू आहे. पाचव्या पातळीवर अडलाय.”

लोकांनी समजूतदारपणे माना डोलावल्या. पाचवी पातळी म्हणजे काय, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही.

दहा मिनिटांनी बाबांनी शाल दूर केली. मेंढीची मान हळूहळू खाली आली. डोळे मिटायला लागले. मग पुढचे दोन्ही गुडघे टेकून ती फरशीवर बसली. कठड्यापलीकडून एकच मोठा सुस्कारा आला.

“होकार मिळाला,” बाबा म्हणाले. “आणि हिने आपल्या कळपाच्या वतीनेही दिलाय. निश्चिंत मनाने खा.”

कठड्याच्या आत, हातात शिक्का घेऊन, जनावरांच्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. कापण्याआधी प्रत्येक जनावर निरोगी आहे का ते बघायचं आणि नंतर मांसावर शिक्का मारायचा, हे काम त्या बारा वर्षं करत होत्या. सूक्ष्म देह त्यांना कुठल्याही जनावरात आजवर सापडला नव्हता. तरी दोन महिने त्या गप्प बसल्या, आणि त्याला कारण होतं उस्ताद.

उस्ताद हा इथला मुख्य कापणारा. तीस वर्षं सुरी चालवलेला, कमी बोलणारा माणूस. मागच्या वर्षी त्याचा हात थरथरायला लागला. एकदा वार चुकला आणि मेंढी तशीच अंगणभर धावली. त्यानंतर त्याची झोप उडाली. त्याची बायको एक दिवस डॉक्टरीणबाईंच्या खोलीत येऊन बसली. बराच वेळ पदराशी चाळा करून म्हणाली, “बाई, हे झोपेत माफी मागतात. कोणाची ते कळत नाही.”

बाबा आले आणि उस्तादला झोप लागायला लागली. “आता विचारून घेतो ना आपण,” तो बाईंना म्हणाला होता. “छातीवरचं ओझं उतरलं बघा.” त्याचा चेहरा इतका मोकळा झाला होता की बाईंना पुढे काही बोलवेना. खरं सांगायचं तर ओझं त्यांचंही थोडं उतरलं होतं. मांस त्यांच्या घरात लहानपणापासून शिजत होतं. पण रोज सकाळी त्या डोळ्यांना डोळे भिडवून मग शिक्का मारायचा, हे त्यांना बारा वर्षांत कधी सोपं गेलं नव्हतं.

मात्र दोन गोष्टी खुपत होत्या. पूर्वी दिवसाला पस्तीसेक मेंढ्या कापल्या जात. आता ऐंशीच्या खाली काम थांबत नव्हतं. जनावरच तयार आहे म्हटल्यावर हात आखडता कशाला घ्यायचा? दुसरं म्हणजे, कापण्याआधी विजेचा झटका देऊन जनावराला बेशुद्ध करायचा चिमटा होता, तो कपाटात गेला होता. “जी स्वतःहून तयार आहे तिला बेशुद्ध करणं हा तिचा अपमान आहे,” असं बाबांनी बजावलं होतं.

एका मंगळवारी पाण्याचा पंप बिघडला. फरशी धुता येईना, म्हणून काम अडलं. होकार दिलेली मेंढी जागच्या जागी बसून होती. बाई सहज तिच्याजवळ बसल्या आणि सवयीने त्यांनी छातीवर हात ठेवला. ठोके फार संथ होते. तोंडातून लाळेची तार लोंबत होती. हे चित्र त्यांच्या ओळखीचं होतं. मेंढीचा खूर चिरायचा किंवा जखम शिवायची असली की त्या स्वतः गुंगीचं इंजेक्शन देत, तेव्हा मेंढी अशीच मान टाके. त्यांनी बोटाच्या टोकाने तिच्या डोळ्याच्या कोपऱ्याला हलकेच स्पर्श केला. पापणी मिटली. म्हणजे मेंढी बेशुद्ध नव्हती. शरीर हलत नव्हतं, पण आत ती होती.

बाईंनी मानेवरची लोकर विंचरल्यासारखी बाजूला केली. कातडीवर रक्ताचा एक ताजा ठिपका दिसला.

पंप सुरू व्हायला तासभर गेला. तोवर मेंढी डोकं उचलून लटपटत उभी राहिली, एकदा ओरडली आणि थेट फाटकाकडे निघाली. रेंगाळलेल्या चार लोकांत चुळबूळ झाली. “बाबा, हिचा विचार बदलला का?” एका म्हाताऱ्याने विचारलं.

बाबांनी बाईंकडे बोट केलं. “अश्रद्ध हात लागला की आत्मा बिथरतो.”

दुपारी उस्ताद सुऱ्या धूत असताना बाईंनी त्याला सगळं सांगितलं. तो नळ बंद न करता ऐकत राहिला.

“दोन महिन्यांत किती जणींचा होकार धरलात?” बाईंनी शेवटी विचारलं.

“चार हजारांचा असेल.”

“ज्यांना विचारलं त्यांतली एक तरी नाही म्हणाली?”

पाणी वाहत राहिलं. “बाई,” तो म्हणाला, “हे मला सांगायलाच हवं होतं का?”

“मीही स्वतःला तेच विचारत आले.”

त्याने नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशी बाबा मेंढीकडे वळताच बाई पुढे झाल्या. “शाल काढून विचाराल का?”

“शाल म्हणजे माझं कवच. ते काढलं की लहरी फाटतात.”

“बरं. मग आज मी विचारते.”

त्यांनी म्होरक्याला आणवलं. हा थोराड मेंढा कळपाला चढणीवरून आत आणण्यासाठी पाळलेला होता. रोज सगळ्यांच्या पुढे यायचा आणि एकटाच परत जायचा. बाईंनी खांद्यावर एक चादर घेतली, त्याला तिच्या आडोशाला धरलं आणि कानात कुजबुजल्या. लोक हसत होते. सातव्या-आठव्या मिनिटाला हसू विरलं. म्होरक्याची मान झुकली, पापण्या जड झाल्या आणि भला थोरला मेंढा गुडघे टेकून खाली बसला.

“हा पण तयार,” कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. पुढच्या रांगेतल्या दोघांनी हात जोडले.

“मी त्याला विचारलं,” बाई म्हणाल्या, “‘तुला जगायचंय ना?’ बघा, हो म्हणाला.”

जोडलेले हात सुटले. बाईंनी चादरीखालून सिरिंज काढून सगळ्यांना दिसेल अशी धरली. “हे गुंगीचं औषध आहे. टोचल्यावर दहा मिनिटांत मान खाली जाते, म्हणून कुजबुज दहा मिनिटांची. त्याला मी रस्त्याचं नाव विचारलं असतं तरी त्याने गुडघेच टेकले असते.” मग त्यांनी उतारा टोचला. थोड्या वेळाने म्होरक्या धडपडत उठला. त्याची परवानगी आपणही घेतली नव्हती, हे बाईंच्या मनात आलं आणि त्यांना ओशाळल्यासारखं झालं.

“हिची विद्या राक्षसी आहे,” बाबा म्हणू लागले. तेवढ्यात उस्ताद पुढे आला. एक शब्द न बोलता त्याने शालीचं टोक धरलं आणि उलटं केलं. आतल्या बाजूला शिवलेल्या खिशात तीन सिरिंजा आणि एक बाटली होती.

बाबांचा आवाज एकदम साधा झाला. “मी वाईट काय केलं? त्यांची भीती कमी झाली, तुम्हाला झोप लागली.”

“भीती कमी करायची होती तर उघड्यावर, नीट करता आली असती,” बाई म्हणाल्या. “या औषधाने त्यांना हलता येत नाही, पण कळतं. त्यात तुम्ही बेशुद्ध करायचा चिमटा कपाटात टाकायला लावलात. सुरी फिरली तेव्हा त्या जाग्या होत्या. आणि तेच औषध या लोकांच्या ताटात गेलं. तुम्ही भीती नाही घालवलीत. आमच्या मनाची टोचणी घालवलीत.”

बाबांना पोलीस घेऊन गेले. चौकशीत कळलं ते एवढंच, की पूर्वी ते एका औषधांच्या दुकानात कामाला होते. गर्दी मात्र हलेना. कडेवर मूल घेतलेली एक बाई चिडून म्हणाली, “झालं समाधान? आता आम्ही खायचं की नाही, ते तरी सांगा.”

“ते मी सांगितलं तर उद्या तुम्ही मलाच बाबा कराल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “मलाही ते नक्की माहीत नाही. मी स्वतः खात आलेय. पण ज्या प्रश्नाला नाही म्हणायची सोयच ठेवलेली नाही, तो प्रश्न आपण विचारलेला नसतो. जनावर आपल्याला परवानगी देत नाही. कधीच दिली नव्हती. मारायचं असेल तर हे कबूल करून मारा, त्याला कमीत कमी यातना होतील असं बघा, आणि खरंच गरज आहे का हे दर वेळी स्वतःला विचारा. नसेल जमत तर सोडून द्या. पण उत्तर आपलं आपण द्या. ते मेंढीच्या तोंडी घालू नका.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोक एकेक करून निघून गेले, काही जण मान खाली घालून, काही बाईंना शिव्या देत.

अंगण रिकामं झाल्यावर उस्ताद पायरीवर येऊन बसला. बाईही बसल्या. आत कळप कुंपणाला अंग घासत उभा होता.

“चार हजार,” उस्ताद म्हणाला. “मग त्या सगळ्या काय म्हणत होत्या?”

बाईंना काहीतरी बरं वाटेल असं बोलावंसं वाटलं. पण आता तेही शालीच्या आडोशासारखंच झालं असतं.

“नाही म्हणत होत्या,” त्या म्हणाल्या.

उस्तादने मान हलवली. मग तो दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवून बसून राहिला. ते थरथरत होते, आणि त्याने ते लपवले नाहीत.