केकच्या साच्याचा परक्या घरचा नाताळ

मित्रांनो, मी केकचा साचा आहे. गोल, ॲल्युमिनियमचा आणि बराच जुना. माझ्या बुडावर इतके डाग आहेत, की मूळ रंग कोणता होता हे आता मलाही सांगता येणार नाही. माझा एक कान वाकडा आहे. तरीही नाताळ जवळ आला की माझ्याइतका भाव घरात दुसऱ्या कुणालाच नसतो, हे मी नम्रपणे सांगतो.

मी ज्या घरात राहतो तिथल्या बाईंना सगळे आई म्हणतात, म्हणून मीही आईच म्हणतो. मला घडवलं आईच्या मामांनी. मामांचा धंदा बादल्यांचा. भाचीच्या लग्नात स्वतःच्या हातची वस्तू द्यायची म्हणून त्यांनी मला केलं. मामांनी केक पुष्कळ खाल्ले होते, पण केकचा साचा कधी पाहिला नव्हता. हाताला बादलीची सवय, त्यामुळे मी हवा त्यापेक्षा जरा खोलच झालो. "केक नाही जमला तर पाणी भर," असं भाचीला सांगून मामा पंगतीला जाऊन बसले.

पण पाणी भरायची वेळ आली नाही. आईला केक जमला.

वर्षातला बहुतेक काळ मी कपाटावर पडून असे. माझ्यात कधी कांदे असत, कधी कपड्यांचे चिमटे. एका उन्हाळ्यात तर मांजरीने माझ्यात पिल्लं ठेवली होती आणि कुणाची मला हलवायची छाती झाली नाही. डिसेंबर लागला की आई मला खाली उतरवी, घासूनपुसून लख्ख करी आणि आतून लोण्याचा हात फिरवी. तो हात फिरला की मला वर्षभराच्या अडगळीचा विसर पडे.

त्या काळी गल्लीत कुणाकडेच ओव्हन नव्हता. कोपऱ्यावरचा बेकरीवाला नाताळच्या आदल्या दिवशी आपली भट्टी शेजाऱ्यांना मोकळी करून देई. सकाळी आम्ही सगळे साचे रांगेत उभे राहायचो, संध्याकाळी फुगून, तपकिरी होऊन घरी जायचो. नाताळच्या दुपारी खिडकीत कागदी तारा, कोपऱ्यात झाड आणि टेबलाभोवती बसतील त्यापेक्षा जास्त माणसं, असा थाट असे.

त्या माणसांत एक होते जज्जकाका. ते न्यायाधीश नव्हते. बस चालवायचे. आईच्या नवऱ्याचे, म्हणजे बाबांचे, शाळेपासूनचे मित्र. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर निकाल द्यायची सवय, म्हणून ते नाव पडलं. केकचा पहिला तुकडा त्यांना द्यायचा आणि त्यांनी निकाल दिल्याशिवाय बाकीच्यांनी हात लावायचा नाही, अशी रीतच होऊन गेली होती. एका वर्षी ते म्हणाले, "वहिनी, ह्याच्यावर पाय देऊन माळ्यावर चढता येईल." दुसऱ्या वर्षी म्हणाले, "पास. पण काठावर." सगळे खदाखदा हसत. आईही हसे. मात्र पुढच्या वर्षी लोणी वाढलेलं असे, ते मला आतून कळे.

एका नाताळात पहिला तुकडा कापल्यावर आईच्या लक्षात आलं, की बोटातली अंगठी नाही. पीठ कालवताना पडली असणार! मग काय, टेबलावरची सगळी मंडळी दात सांभाळत, घास घोळवत, एकेक चमचा तपासत केक खाऊ लागली. इतक्या शांततेत त्या घरात कधी केक खाल्ला गेला नव्हता. शेवटचा चुराही संपला, अंगठी नाही. ती मोरीत साबणाच्या ताटलीत सापडली. जज्जकाका म्हणाले, "आज पहिल्यांदाच केक नीट चावला. चांगला असतो की!"

असे कितीतरी नाताळ सांगता येतील. पण मला सांगायचं आहे ते त्या वर्षाचं, ज्या वर्षी आई मोरीत पाय घसरून पडली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला.

घरात तेव्हा सून नवीन होती. पोस्टात काउंटरवर बसायची. माहेरी केक दुकानातून यायचा, त्यामुळे तिने आयुष्यात कधी केक केला नव्हता. आता तोंड आईचं आणि हात सुनेचे, असा प्रकार सुरू झाला. आई खुर्चीवर बसून सांगे, सून करी. सगळं बिनबोभाट चाललं होतं. शेवटी सुनेने फडताळातून एक वाटी काढली. तिच्यात पाकात मुरवलेली संत्र्याची साल होती.

"हे काय गं?" आईने विचारलं.

"संत्र्याची साल आहे, आई. थोडीशीच घालते."

"आपल्याकडे साल घालत नाहीत."

"वास छान येतो. बघा तरी."

"थोडी काय नि फार काय, साल ती साल!"

पण तोवर साल पिठात गेली होती. आई गप्प बसली. ती गप्प बसली की घरातली घड्याळंसुद्धा जपून टिकटिक करतात.

आई बाहेर गेल्यावर सून नवऱ्याला हळूच म्हणाली, "जज्जकाकांनी सगळ्यांदेखत काही म्हटलं ना, तर मी पुन्हा ह्या साच्याला हात लावणार नाही. आधीच सांगून ठेवते."

"काकांचं बोलणं कोण मनावर घेतं?"

"आई घेतात. इतकी वर्षं घेताहेत. तुला दिसलं नाही, एवढंच."

मित्रांनो, हे सगळं मी ऐकत होतो. आईचा हात पूर्ववत होईल की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. सुनेनेही अंग काढून घेतलं, तर मला कोण विचारणार? तिच्या केकवर माझं पुढचं आयुष्य टांगलेलं होतं.

संध्याकाळी मला बेकरीतून घरी आणायला दर वर्षी आई जायची. त्या वर्षी बाबांना पाठवलं. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावलं की केसाएवढ्या स्प्रिंगमधला दोष त्यांना दिसे. बेकरीत ही गर्दी! बेकरीवाला घामाघूम होऊन ओरडला, "घड्याळवाले, तुमचा उचला आणि बाजूला व्हा, मागे लोक खोळंबलेत!"

माझ्या शेजारी माझ्याच मापाचा, दुकानातून आणलेला एक साचा होता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला कापडात गुंडाळून उचललं. इतकी वर्षं त्यांनी माझ्यातलं खाल्लं होतं, पण माझ्याकडे कधी पाहिलंच नव्हतं! मला ओरडावंसं वाटलं. पण साच्याला तोंड असलं तरी आवाज नसतो.

थोड्या वेळाने एक वयस्कर बाई आल्या. बाजूला तेवढा मीच उरलो होतो. त्यांनी मला कापडात गुंडाळलं आणि चालू लागल्या.

त्या घरात दोन बहिणी राहत. थोरली आणि धाकटी. दोघी कपडे शिवून देत. एका खोलीत समोरासमोर दोन शिलाई मशिनं, मध्ये एक टेबल आणि सगळीकडे चिंध्या. दोघींचं कशावरच एकमत नव्हतं. एकच गोष्ट ठरलेली होती: नाताळचा केक त्यांच्या आईच्या पद्धतीनेच करायचा, त्यात तीळभरही बदल करायचा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरलीने केक कापला, पहिला घास घेतला आणि ती चावायची थांबली.

"तू संत्रं घातलंस."

"मी कशाला घालीन?" धाकटी म्हणाली. "पीठ तूच कालवलंस."

"मी दूध आणायला गेले तेव्हा तू एकटी होतीस."

"आणि चेऱ्या कुठे गेल्या? त्या मीच काढून खाल्ल्या म्हण आता!"

"खाल्ल्या असशील. तुझी लहानपणापासूनची खोड आहे."

धाकटीने मला फिरवून पाहिलं. "ताई, हा साचा एवढा खोल होता?"

"वस्तू वापरून वापरून खोल होतात," थोरली ठामपणे म्हणाली. "आपली आई म्हणायचीच. विषय बदलू नकोस. संत्रं कशाला घातलंस?"

"मी घातलेलं नाही! पण वाईट लागतंय का?"

"तो प्रश्नच नाही," असं म्हणून थोरलीने दुसरा तुकडा घेतला. "बघते, नक्की संत्रंच आहे ना." धाकटीनेही खात्री करून घेतली. मग एकीची खात्री दुसरीला पटेना. भांडण रंगत गेलं आणि मी रिकामा होत गेलो. केकवरून भांडताना केक संपतो, हे मी तिथे पाहिलं.

इकडे आमच्या घरी काय झालं ते मला नंतर समजलं. सुनेने कापड काढलं आणि ती चक्रावली. पण तोवर जज्जकाकांनी सुरी चालवून तुकडा तोंडात टाकलासुद्धा! डोळे मिटून ते म्हणाले, "फर्स्ट क्लास! वहिनी, रागावू नका, पण सून तुमच्या पुढे गेली. काय चेऱ्या आहेत!"

"काका, हा केक माझा नाही," सून म्हणाली.

"बघा, विनयही आहे पोरीत!"

"अहो, ती खरं सांगतेय," आई खुर्चीवरून म्हणाली. "हा आपला साचाच नाही. लोकांच्या घड्याळातलं एवढंसं चाक चुकलं तर तुम्हाला कळतं आणि घरचा साचा कळला नाही?"

"गोल होता," बाबा पुटपुटले.

"मग मी हे कौतुक कुणाचं केलं?" जज्जकाकांनी भरल्या तोंडाने विचारलं.

सून चपला घालून, तो परका साचा घेऊन निघाली. बेकरीवाला दुकानाच्या वरच राहत होता. त्याने डोकं खाजवून बहिणींचं घर सांगितलं.

दार वाजलं तेव्हा माझ्यात एकच तुकडा उरला होता. सुनेने सगळा घोळ सांगितला आणि त्यांचा साचा टेबलावर ठेवला. दोघी बहिणींनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मग धाकटी म्हणाली, "अगं बाई! आम्ही तर तुमचा सगळा फस्त केला."

सून तो एक तुकडा पाहत होती. तिने खालच्या आवाजात विचारलं, "मावशी, कसा झाला होता? खरं सांगा."

"ताईने चार तुकडे खाल्ले," धाकटी म्हणाली.

"मी मत दिलेलं नाही अजून," थोरलीने तिला थांबवलं. "संत्र्याची कल्पना कुणाची?"

"माझी. पहिल्यांदाच केलाय. सासूबाईंना नको होतं."

थोरलीने बोटाने माझ्या कडेचा चुरा टिपला आणि तोंडात टाकला. "आमच्या आईच्या केकमध्ये संत्रं नव्हतं," ती म्हणाली. "असायला हवं होतं."

सुनेचे डोळे भरून आले. ती हसली आणि दोघींना हाताला धरून घरी घेऊन आली. मी तिच्या काखेत होतो.

टेबलाशी दोन खुर्च्या वाढल्या. जज्जकाकांनी माझ्यात डोकावून पाहिलं. "अरेरे! निकाल द्यायला एवढंच?" त्यांनी हात पुढे केला, पण त्याआधी आईचा डावा हात पोचला होता.

"भाऊजी, तुमचा निकाल मघाशीच देऊन झाला. दुसऱ्यांच्या केकवर," आई म्हणाली आणि तिने तो तुकडा उचलला.

ती सावकाश चावत राहिली. सून टेबलाची कड धरून उभी होती.

"साल पाकात किती वेळ ठेवली होतीस?" आईने विचारलं.

"रात्रभर."

"हं," आई म्हणाली. "पुढच्या वर्षी दोन दिवस ठेव."

सून मला घेऊन मोरीत गेली आणि घासायला बसली. मी तसा फार खरकटा नव्हतो. तरी तिने मला तीनदा घासलं आणि प्रत्येक वेळी ती स्वतःशीच हसली.

तेव्हापासून नाताळला आमच्याकडे दोन केक असतात. बहिणी येतात आणि केक कापण्याआधीच भांडायला लागतात. जज्जकाका आधी केक कुणाचा ते विचारतात, मगच तोंड उघडतात. आता घरात ओव्हन आहे, रबरासारखे वाकणारे नवे साचेही आहेत. पण नाताळचा केक माझ्यातच होतो. पीठ सून कालवते आणि आई शेजारी बसून साल बारीक चिरते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या पानात जे येतं ते कुठल्या भांड्यात शिजलं आणि कुणाच्या हातून झालं, हे एकदा मान वर करून बघा. काठावर पास करण्याची घाई करू नका. आवडलं तर नुसतं छान म्हणून मोकळे होऊ नका, कसं केलं तेही विचारा. करणाऱ्याला त्याचीच भूक असते. आणि आमच्यासारख्या भांड्यांना धुतल्यावर लगेच कोरडं पुसून ठेवा. आम्हाला अजून पुष्कळ नाताळ करायचे आहेत.