देवी काढायला आलोय
गल्लीत त्याला सगळे टोचऱ्या म्हणत. त्याची पिशवी वळणावर दिसली की पोरं गुल व्हायची, आणि पोरांना भित्री म्हणणारी मोठी माणसं गुपचूप दाराला कडी घालायची. आरोग्य खात्यातले त्याचे साहेब सांगत, एवढ्या गल्ल्या झाल्या की देवीचा रोग पृथ्वीवरून नामशेष होणार. साहेबांना काय जातंय सांगायला! त्यांना पृथ्वी नकाशावर दिसायची, टोचऱ्याला बंद दारं दिसायची.

कपडे शिवणाऱ्या बाईचं दार मात्र उघडं होतं.

"देवी काढायला आलोय, ताई," तो नेहमीसारखं म्हणाला.

बाईचा चेहरा उजळला. "या दादा, अगदी देवासारखे आलात!"

तिने त्याला जवळजवळ ओढतच आत नेलं. शिलाई मशीनमागच्या खाटेवर सहा-सात वर्षांची पोर पडली होती. तोंडावर, हातांवर फोडच फोड, डोळे सुजून मिटलेले.

"काढा," बाई म्हणाली. "सगळ्या काढा. एकही ठेवू नका."

टोचऱ्याने पिशवी खाली ठेवली. देवी काढायच्या म्हणजे धडधाकट दंडावर लस टोचायची. इतकी वर्षं हा शब्द तो दारोदार वापरत आला होता, पण अंगावर आलेल्या देवी उपटून काढायच्या असा त्याचा अर्थ कुणी घेईल, हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

"ताई, आलेल्या देवी काढता येत नाहीत हो. आल्या नसतील त्याला टोचतो, म्हणजे येत नाहीत. घरात आणखी लेकरू आहे?"

"नाही."

दोरीवर वीतभर झबलं वाळत होतं. त्याने नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

"चांगल्या पोराच्या अंगात सुईने रोग घालणार?" बाई कडाडली. "हिचं काही होत नाही म्हणता, आणि त्याला हात लावू देऊ? चालते व्हा!"

"ताई, ते हिच्याजवळच वावरतंय. आज टोचलं तर वाचेल. उद्याचं मी सांगू शकत नाही."

बाई दार अडवून उभी राहिली. तेवढ्यात खाटेवरून बारीक आवाज आला.

"आई, बाळाच्या काढू दे. त्याला एवढं सोसायचं नाही."

बाई लेकीकडे बघत राहिली. मग आतल्या खोलीत गेली आणि बाळाला घेऊन आली. त्याचा दंड तिने स्वतःच घट्ट धरला. सुई भराभर टोचली गेली, बाळाने घर डोक्यावर घेतलं.

"झाल्या त्याच्या?" पोरीने विचारलं. "मग काका, आता माझ्या."

तिने हात पुढे केला. त्या हातावर बोट टेकवायलाही जागा नव्हती. टोचऱ्याने सुई बाजूला ठेवली, खाली वाकला आणि दंडावर हलकेच फुंकर घातली.

"झालं, बाळा."

"बघ आई," पोर म्हणाली, "मला दुखलंसुद्धा नाही. बाळ उगीच रडलं."