आईने निवडलेला दिवा

माझी आई कापडाच्या रंगाईच्या कारखान्यात शेड जुळवते. गिऱ्हाईक बोटभर चिंधी पाठवतं, आणि हजार मीटर कापड हुबेहूब त्या रंगात उतरलं की नाही, हे आई ठरवते. एकतीस वर्षं झाली. तिने मान डोलावल्याशिवाय एक ठाण दाराबाहेर जात नाही. घरात मात्र रंगावरून तिला कुणी काही विचारत नसे, कारण घरात बाबांचा समुद्र होता.

बाबा शीतगृहात मेकॅनिक होते. निवृत्त झाले आणि त्यांनी बैठकीच्या खोलीत चार फुटांची काचेची टाकी मांडली. मीठ कालवलेलं पाणी, सच्छिद्र दगड, पट्ट्यापट्ट्यांचे दोन केशरी मासे आणि दगडांवर चिकटवलेली जिवंत कोरल. कोरल झाडासारखं दिसत असलं तरी तो प्राणी असतो. त्याच्या अंगात सूक्ष्म वनस्पती राहतात, त्या उजेडावर अन्न बनवतात आणि त्याला भरवतात. म्हणजे टाकीवरचा दिवा हेच त्याचं जेवण. हे सगळं बाबांनी आम्हाला जेवताना इतक्यांदा ऐकवलं होतं, की मला ते झोपेतही म्हणता आलं असतं.

टाकीवरच्या जुन्या ट्यूबलाइट मिणमिणायला लागल्या तेव्हा बाबा नवीन दिवा घेऊन आले. मत्स्यालयाच्या दुकानदाराने सुचवलेला, त्याच्याकडचा सगळ्यात ताकदवान. या दुकानदाराला सगळे ‘दर्यावर्दी’ म्हणत, कारण होडीत पाय ठेवला की त्याला मळमळायचं. पण टाक्यांच्या बाबतीत त्याचा शब्द अखेरचा. दिवा लागला आणि खोली निळीशार झाली. फांद्यांचं कोरल तर आतून पेटल्यासारखं दिसायला लागलं. शेजारीपाजारी बघून जायचे. बाबांची कॉलर ताठ.

तीन आठवड्यांनी आई टाकीपुढे थबकली. कारखान्यातून नुकतीच आली होती, खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती.

“अहो, ही पांढरी पडतायत.”

“अगं, चमकतायत ती! निळ्या उजेडात तशीच दिसतात.”

“तेच म्हणतेय. चमक दिव्याची आहे, त्यांची नाही.”

तिने दिव्याचं बटण बंद केलं आणि खिडकीचा पडदा सारला. दुपारचा साधा उजेड टाकीवर पडला. फांद्यांचं जांभळं कोरल दहा वेळा धुतलेल्या फडक्यासारखं विटलं होतं. वरच्या दगडावरची टोकं तर पार हाडासारखी पांढरी. बाबा बघत राहिले. मग त्यांनी पडदा पुन्हा ओढून घेतला.

दोन दिवस घरात अबोला. बाबांना राग आईचा नव्हता, स्वतःचा होता. पण तो दाखवायला घरात आईच होती. तिसऱ्या दिवशी ते दर्यावर्दीकडून पाण्यातला उजेड मोजायचं मीटर मागून घेऊन आले आणि टेबलावर ठेवत पुटपुटले, “तूच लिहून घे आकडे. माझं अक्षर मलाच लागत नाही.”

आईने आलेखाच्या कागदावर टाकीचा नकाशा काढला. बाबा काठीला बांधलेला सेन्सर पाण्यात सरकवत आकडा सांगत, आई चौकोनात लिहीत जाई. मी स्टुलावर बसून बघत होते. मधोमध वरच्या दगडावर आकडा पाचशेच्या पुढे गेला. बाबांच्या पुस्तकात फांद्यांच्या कोरलला तीनशेच्या आसपास पुरे, असं दिलं होतं. आणि दोन्ही कोपऱ्यांत? जेमतेम चाळीस.

“मध्ये अजीर्ण, कडेला उपास,” आई म्हणाली. “एवढी मोठी टाकी आणि एकच झोत. हा दिवा वाईट नाही, पण आपल्या टाकीचा नाही.”

शनिवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. दर्यावर्दीने दिवा बदलून द्यायला हरकत घेतली नाही, पण आईने प्रत्येक दिवा लावून दाखवायला सांगितल्यावर तो हसला. “वहिनी, दिवे सगळे सारखेच लागतात. ताकद बघायची.”

“ताकद तर बघितली की आम्ही,” आई म्हणाली आणि पिशवीतून कापडाचे आठ तुकडे काढले. दोन तपकिरी, दोन जांभळे, दोन हिरवे, एक पिवळा, एक गुलाबी. एकमेकांच्या अगदी जवळच्या छटा. ते तिने टेबलावर पसरले. पहिल्या दिव्याखाली दोन्ही तपकिरी तुकडे एकसारखे काळे दिसले. दुसऱ्याखाली पिवळा मेला. दर्यावर्दी काउंटरमागून बाहेर आला.

“हे कशासाठी?”

“ज्या उजेडात मला दोन तपकिरी वेगळे ओळखता येत नाहीत, त्या उजेडात माझं कोरल आजारी आहे की धडधाकट, हे मला कसं कळणार?” आई म्हणाली. “निळा त्यांना हवाच, हे यांनी मला सांगितलंय. पण बघणाऱ्याला थोडा पांढराही पाहिजे.”

मग तिने बाबांना मीटर धरायला लावलं. दिव्याच्या बरोबर खाली किती आणि दोन वीत बाजूला किती. बाबा आकडे मोठ्याने सांगत होते आणि त्यांचा आवाज दर आकड्याला चढत होता. शेवटी आईने दोन मध्यम दिवे निवडले. रुंद, सारखा उजेड पसरवणारे, निळा-पांढरा कमी-जास्त करता येणारे. दुकानातले सर्वांत बेताचे दिसणारे.

“हे तर नवशिक्यांचे आहेत,” दर्यावर्दी म्हणाला.

“मग बरोबर. मी नवशिकीच आहे.”

घरी येऊन बाबांनी दिवे टाकीच्या वर हातभर उंचीवर टांगले. पट्टी, ओळंबा, पातळीची नळी, सगळं बाहेर काढलं होतं. पहिला आठवडा दिवे अर्ध्याहूनही कमी ताकदीवर. बाबांना धीर नव्हता. आईने बटणांजवळ कागद चिकटवला: ‘दर रविवारी थोडंच वाढवायचं.’ बाबा तो कागद वाचायचे, हात मागे घ्यायचे.

पाचव्या आठवड्यात बाबांनी घर डोक्यावर घेतलं. “गेलं! सगळं गेलं! तपकिरी झालं बघ!” खरंच, पांढऱ्या फांद्यांवर मातकट तपकिरी चढली होती. आई हात पुसत आली, टाकीला नाक लावून उभी राहिली, आणि हसली. तशी हसताना मी तिला क्वचितच बघितलं होतं.

“गेलं नाही, आलं. तुम्हीच सांगता ना, त्यांच्या अंगात वनस्पती राहतात म्हणून? त्या परत आल्यात. आधी अस्तर बसतंय. वरचा रंग मागाहून येईल.”

दहाव्या आठवड्यात फांद्यांच्या टोकांना जांभळी कड आली. बाबांनी मला सकाळी कामावर फोन करून ते सांगितलं आणि मग आईला कारखान्यात. तिने विचारलं, “कोणतं जांभळं? लालसर की निळसर?” बाबांना सांगता येईना. संध्याकाळी ती आल्यावर तिने पडदा सारून बघितलं आणि म्हणाली, “लालसर.” तिने सांगितल्यावर आम्हालाही ते दिसलं.

चार महिन्यांनी टाकीवाल्यांचं मंडळ आमच्याकडे आलं. ही मंडळी पाळीपाळीने एकमेकांच्या घरी जातात, चहा पितात आणि नावं ठेवतात. अकरा माणसं, पुढे दर्यावर्दी. तो टाकीपुढे वाकला. आईने आधीच पडदा उघडून ठेवला होता, त्यामुळे लपायला जागा कुठेच नव्हती. जांभळ्या फांद्यांना बोटभर नवीन वाढ होती. कोपऱ्यातल्या मऊ कोरलांनी पहिल्यांदाच पूर्ण पंजे उघडले होते.

“हे तेच दिवे?” दर्यावर्दीने विचारलं.

“तेच. नवशिक्यांचे,” बाबा म्हणाले. मग त्यांनी आईचा हात धरून तिला पुढे आणलं. याआधी कधी लोकांसमोर बाबांनी आईचा हात धरल्याचं मला आठवत नाही. “टाकी मी मांडली. जगवली हिने. काय विचारायचं ते हिला विचारा.”

आई क्षणभर गोंधळली. पण एका बाईंनी विचारलं की त्यांच्या टाकीतली कोरल खालून फिकट का पडतात, आणि आईचं तोंड उघडलं. उंची, पसरट झोत, सावली टाकणारे दगड, एकदम उजेड वाढवल्याने होणारा घात. दर्यावर्दी खिशातल्या डायरीत लिहून घेत होता. निघताना त्याने विचारलं, “वहिनी, दुकानात एक दिवस याल? दिवे नीट लावून घेऊ म्हणतो. ते कापडाचे तुकडेही आणा.”

“पुढच्या शनिवारी येते,” आई म्हणाली. कारखान्यात बोलते, त्या आवाजात.

सगळे गेल्यावर मी कपबशा उचलत होते. बाबा फोनवर शीतगृहातल्या जुन्या मित्राला सगळं सांगत होते. “अरे, मध्ये सातशे आकडा होता! सातशे! हिने नुसत्या नजरेने ओळखलं…”

“पाचशे वीस!” स्वयंपाकघरातून आई ओरडली.

“पाचशे वीस,” बाबा फोनमध्ये म्हणाले, “ती म्हणते म्हणजे तेवढाच.”