झाकण म्हणजे नवरा

बारावीच्या वर्षी मी कॉलेजात होतो. म्हणजे बसत होतो शाळेतच, आमच्या वेल्बर्न गावातल्या त्याच वर्गात, खिडकीतून धान्याच्या त्याच कोठाराकडे बघत. पण अम्डालबाईंचा साहित्याचा तास शाळेतही धरला जायचा आणि जिल्ह्याच्या कॉलेजातही. एकाच निबंधावर दोन्हीकडचे गुण. तेवढ्यावर मी स्वतःला कॉलेजकुमार समजायला लागलो. लघवीला जायचं तर अजूनही हात वर करून बाईंच्या टेबलावरची लाकडी पट्टी परवाना म्हणून न्यावी लागे, हे मी फारसं मनावर घेत नव्हतो.

घरच्यांना तर मी जीव नकोसा केला होता. आईने टेबल पुसायला सांगितलं की मी विचारायचो, "हे टेबल नक्की कशाचं प्रतीक आहे?"

"कामचुकारपणाचं," आई म्हणायची आणि ओलं फडकं माझ्या तोंडावर फेकायची.

बाबा शब्द डिझेलसारखे जपून वापरत. तरी एकदा जेवताना त्यांनी विचारलंच, "काय रे, त्या कॉलेजच्या विषयात कसं चाललंय?"

"कायद्याने सांगता येत नाही," मी म्हणालो. "कॉलेजचे गुण आईवडिलांना कळवत नाहीत. खाजगी बाब असते."

बाबांनी शांतपणे घास संपवला. "बरं. मग गुरांना चारा घालणंही खाजगीच ठेव. कोणाला सांगू नकोस. नुसता घाल."

कायदा खरा होता. मुलाने स्वतः सांगू नये असं मात्र त्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं, पण एवढं बारीक वाचायची मला सवय नव्हती. साहित्याचा विद्यार्थी ना मी!

शेवटच्या निबंधाला बाईंनी अट घातली. कविता अशी निवडायची की जी इंटरनेटवर सापडणार नाही, म्हणजे निबंध यंत्राकडून लिहून घेता येणार नाही. आणि तो गावच्या वाचनालयात, सगळ्यांच्या घरच्यांसमोर वाचून दाखवायचा. जो वाचणार नाही तो नापास. "आणि लक्षात ठेवा," बाई म्हणाल्या, "शाळेतलं नापास उन्हाळी वर्गात धुऊन निघतं. कॉलेजातलं जन्मभर चिकटतं." मला लिंकन शहरातल्या विद्यापीठात जायचं होतं, त्यामुळे मी लगेच कविता शोधायला लागलो.

कविता मला चर्चच्या स्वयंपाकघरात मिळाली. महिला मंडळाने पूर्वी कधीतरी पाककृतींचं पुस्तक छापलं होतं. त्यात काकडीच्या लोणच्याच्या आणि नूडल्सच्या पानांमध्ये उरलेल्या जागेत या ओळी होत्या:

सगळ्यात खाली,
मक्याच्या आणि मांसाच्या पिशव्यांखाली
मी माझं काहीतरी ठेवलंय.
झाकण लावा. गारवा बाहेर जातोय.

खाली नाव होतं, 'एक सभासद'.

आमच्याकडे प्रत्येक घराच्या तळघरात माणूस झोपेल एवढा, वरून झाकणाचा आडवा फ्रीजर असतो, त्यामुळे संदर्भ समजायला मला कष्ट पडले नाहीत. अर्थ लावायला तर त्याहून कमी पडले. फ्रीजर म्हणजे लग्न. मका म्हणजे कर्तव्य. मांस म्हणजे अर्थातच शरीर. आणि झाकण म्हणजे नवरा! या बाईला घर सोडून जायचं आहे आणि ते ती कोणालाही सांगू शकत नाही, असं मी ठणकावून सिद्ध केलं. एकही मुलगी माझ्याबरोबर शाळेच्या डान्सला यायला तयार नव्हती, पण वैवाहिक जीवनावर बोलण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. निबंध मी घरात कोणाला दाखवला नाही. खाजगी बाब.

वाचनालयात त्या संध्याकाळी खुर्च्या भरल्या होत्या. आईने निळा स्वेटर घातला होता आणि बाबांनी धुतलेली टोपी. मी बिस्किटांच्या टेबलाशी उभा राहून घसा साफ करत होतो, तेवढ्यात ऑर्व्हाआजी जवळ आल्या. पुस्तक छापलं तेव्हा महिला मंडळाच्या अध्यक्ष त्याच होत्या.

"कार्यक्रमपत्रिकेत वाचलं हो मी," त्यांनी माझा गाल ओढला. "किती गुणाचं पोर! आईच्या कवितेवर निबंध लिहिलास."

"कोणाच्या आईच्या?"

"अरे, तुझ्याच! तेव्हा तू एवढासा होतास. नाव घालू नका म्हणून हात जोडले होते तिने."

मी वळून बघितलं. पुढच्या रांगेत आईबाबा खांद्याला खांदा लावून बसलेले दिसत होते आणि माझ्या हातात त्यांच्या लग्नाचं शवविच्छेदन होतं, टाइप केलेलं, तळटीपांसकट. पळून जावं तर नापास. वाचावं तर... बाईंनी माझं नाव पुकारलं.

मी वाचायला लागलो. वाचता वाचता ओळी गाळत होतो, आणि जिथे गाळता येत नव्हत्या तिथे बदलत होतो. "फ्रीजर म्हणजे, अं, फ्रीजरच. मका हा पौष्टिक असतो. झाकण... झाकणाचं महत्त्व आपण सर्वजण जाणतोच."

अम्डालबाईंनी चष्मा काढला. आणि पुढच्या रांगेतून आई म्हणाली, "क्लेटन. नीट वाच. लिहिलंयस तसं."

ती रागावली नव्हती. तिचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता, आणि मला भीती वाटली. मग मी सगळं वाचलं. घर सोडून जाणं वाचलं. 'झाकण म्हणजे नवरा' आलं तेव्हा मागे कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. ऑर्व्हाआजी छताकडे बघत होत्या.

"कोणाला काही विचारायचंय?" बाईंनी विचारलं.

बाबांनी शाळकरी पोरासारखा हात वर केला. "खाली काय ठेवलंय, ते निबंधात आलं नाही."

"ते कवितेत सांगितलेलं नाही," मी पुटपुटलो.

"मग कोणी बघितलं का?"

लोक हसले. बाबा हसले नाहीत. ते आईच्या चेहऱ्याकडे बघत होते; कविता कोणाची, ते त्यांना कळलं होतं.

निघताना बाईंनी निबंध परत दिला. 'बी' श्रेणी मिळाली होती. खाली शेरा होता: 'कवयित्री जिवंत असू शकते, तिला विचारता येईल, हा विचार कुठेच दिसला नाही.' ट्रकमध्ये मी दोघांच्या मधे बसलो. घरापर्यंत कोणी एक शब्द बोललं नाही. टेबलाचा, मक्याचा, झाकणाचा अर्थ लावणारा मी, ही शांतता साधी शांतता असू दे म्हणून देवाची विनवणी करत होतो.

सकाळी तळघरातून धपाधप आवाज यायला लागले. मी जिन्यावरून वाकून बघितलं. बाबा फ्रीजरमध्ये कमरेपर्यंत उतरल्यासारखे वाकले होते आणि एकेक पिशवी काढून जमिनीवर टाकत होते. मका, कीमा, परत मका. शेवटी ते बर्फ खरवडायला लागले. खालच्या पायरीवर आई हाताची घडी घालून उभी होती.

"इथं काही नाही, रोझली." बाबांचे हात लालबुंद झाले होते.

"नसणारच. तिथं कधीच काही नव्हतं."

"मग पोराने लिहिलं ते?"

आईने हातांची घडी सोडली. "त्याचं बरोबर आहे," ती म्हणाली. "त्या हिवाळ्यात मला निघून जायचं होतं."

वर्षभर मी वर्गात माझंच बरोबर म्हणून भांडलो होतो. आता खरोखर बरोबर निघालं, आणि ते चूक निघावं म्हणून मी कॉलेजचे सगळे गुण परत द्यायला तयार होतो.

बाबा मांसाच्या पिशव्यांवरच खाली बसले. "मग गेली का नाहीस?"

"क्लेटनला ताप आला. मग वासरं झाली. मग पेरणी. जायला दिवसच मिळाला नाही, डॅरल." ती हसायला गेली आणि तिला रडू आलं. "तू विचारशील असं वाटायचं. त्या ओळी मी छापायला दिल्या, तेव्हाही वाटलं होतं, नाव नसलं तरी तू वाचशील, ओळखशील आणि विचारशील."

"मी लोणच्याचं पान वाचलं नाही गं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "आणि आता? आता जायचंय?"

मी जिन्याचा कठडा घट्ट धरला. आईने बाही तोंडावरून फिरवली.

"अजून सांगता येत नाही," ती म्हणाली. मग ती त्यांच्या शेजारी, गोठलेल्या मक्यावर बसली. "पण आज कुठं जात नाही. बोल तू. मी ऐकते."

बाबांनी टोपी काढली आणि बोलायला सुरुवात केली. मी पाय न वाजवता वर आलो, तळघराचं दार ओढून घेतलं आणि न सांगता गुरांना चारा घालायला गेलो.