आखाजीचं पान

गंगापूर धरणाच्या पाण्याला लागून आमचं चार खोल्यांचं घरगुती हॉटेल आहे. उन्हाळ्यात लोक पाण्याचं निमित्त सांगतात, पण येतात जेवायला. नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी, धरणातल्या माशाचं कालवण आणि आमच्या स्वयंपाकीण कलाबाईच्या हातचा आमरस. मी सुवर्णा, इथली मालकीण. माझ्या हातचं कुणी मागत नाही आणि त्याचं मला काडीचंही दुःख नाही.

यंदा मात्र रसाचं काही खरं नव्हतं. एक दिवस गोडमिट्ट, तर दुसऱ्या दिवशी दात आंबतील असा. तक्रार करण्यात सगळ्यात पुढे सुभेदार घुगे. देवळाली कॅम्पला त्यांचं घर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घराला रंग चाललाय म्हणून आमच्याकडे मुक्कामाला आले होते. "रस आंबट आहे," असं म्हणायचे, वाटी सरकवायचे आणि अर्ध्या ताटावरून उठून जायचे. असली माणसं मला डोळ्यांसमोर नकोत.

शेवटी मी कलाबाईवर घसरले. "अहो, चाखून तरी बघत जा. पेठ रोडने येणारे आंबे रोज वेगळे निघतात. अंदाजाने साखर घालून कसं चालेल?"

ती आंबे पिळत होती. मान वर न करता म्हणाली, "चाखता येत नाय ना ताई. आखाजी होऊ द्या."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. कलाबाईचे यजमान, कोंडाजी, मागच्या पावसाळ्यात गेले. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्याकडच्या आखाजीला, गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात आणि बाहेरच्या कुणाला तरी त्याच्या जागी पितर म्हणून बसवून रस-पोळी जेवू घालतात. ते होईपर्यंत घरच्यांनी आंबा तोंडात घालायचा नाही. आणि ही बाई रोज पातेलंभर रस काढत होती, नुसत्या वासावर.

"मग सांगायचं नाही का? मी चाखला असता."

"त्यात सांगायचं काय," ती म्हणाली. मग आंबा पिळता पिळता स्वतःच बोलायला लागली. "ताई, त्या दिवशी ते जेवता जेवता उठले. आमटी खारट म्हणले. मी म्हणलं, रोज काहीतरी असतंच तुमचं. तसेच टमाट्याच्या वावरात गेले आन तिथंच पडले. अर्धं पान तसंच राहिलं. आखाजीला पोटभर जेवले म्हंजे झालं. मला दुसरं काय नको."

त्या दिवसापासून रस मी चाखू लागले.

आखाजीला कलाबाईने मागच्या पडवीत, पाण्याकडे तोंड करून पाट मांडला. घागरीवर आंबा ठेवला. पानात पुरणपोळी, सार, भजी, कुरडई आणि वाटीभर रस. नैवेद्याचा म्हणून तो रस तिने मलाही चाखू दिला नाही. सगळं मांडून झालं आणि फोन आला. पितर म्हणून सांगून ठेवलेला कोंडाजींचा लासलगावचा दोस्त तापाने फणफणला होता.

आता दुसरा माणूस आणायचा कुठून? आखाजीच्या दिवशी गावात मोकळा म्हातारा सापडत नाही. प्रत्येक जण कुणाच्या तरी घरी, कुणाच्या तरी जागी जेवत असतो. मी माझ्या नवऱ्याचं, महेशचं नाव सुचवलं.

"मालक घरचे," कलाबाई म्हणाली. "घरचं माणूस बसवत नाय."

एरवी हे ऐकून मला फार बरं वाटलं असतं. मी आत जाऊन ओळखीच्या घरी फोन लावत बसले. सगळीकडून नकार. बाहेर येऊन बघते तर पाटावर सुभेदार घुगे. टोपी बाजूला ठेवून, मांडी घालून, रसात पोळी बुडवत होते. आत कुणी वाढेना, इथे पान वाढलेलं दिसलं, म्हणून बसले. माझा पारा चढला. मी तोंड उघडणार तोच कलाबाईने माझं मनगट धरलं.

"जेवू द्या," ती हळूच म्हणाली. "न बोलावता आलेत."

डोक्यावरून पदर घेऊन ती खांबाला टेकून उभी राहिली. घुग्यांनी दोन घास खाल्ले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"रस आंबट आहे." त्यांनी वाटी सरकवली आणि उठायला गुडघ्यावर हात टेकला.

कलाबाईचा चेहरा उतरला. मला काही गप्प बसवेना.

"सुभेदार, उठू नका," मी म्हणाले. "हे पान हिच्या नवऱ्याचं आहे. तो असाच अर्ध्या जेवणावरून उठून गेला, तो परत आला नाही. आज त्याच्या जागी तुम्ही बसलात."

घुग्यांनी घागरीकडे पाहिलं, मग कलाबाईकडे. गुडघ्यावरचा हात काढून त्यांनी पुन्हा नीट मांडी घातली.

"वाढा," ते म्हणाले.

"साखर घालून देते," कलाबाई म्हणाली.

"नको. आहे तसाच वाढा."

मग ते जेवले. सावकाश. रस पुन्हा मागून घेतला. कुरडईचा चुरासुद्धा पानात ठेवला नाही. वाटी बोटाने पुसून घेतली आणि म्हणाले, "पोट भरलं, बाई."

कलाबाईने वाकून नमस्कार केला, तेव्हा मात्र ते गडबडले आणि जवळच पडलेली टोपी शोधत बसले.

ते गेल्यावर ती चुलीपाशी बसली. पातेल्यातला उरलेला रस वाटीत घेतला आणि यंदाचा पहिला आंबा तोंडाला लावला. आंबटपणाने तिचं तोंड वाकडं झालं.

"अगं बाई, लय आंबट हाय," ती म्हणाली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे वाहायला लागले, ते तिने पुसलेही नाहीत.

"आन तरी पोटभर जेवले," ती म्हणाली.