कोकराच्या शेजारी

आमच्या गेंसीनेक गावाचा इतिहास सहाशे वर्षांचा आहे. त्यातली साडेपाचशे वर्षं आम्ही इथे नव्हतो, पण तेवढ्यासाठी अभिमान कमी करायचं कारण नाही. दुसरं महायुद्ध संपलं, सरहद्दी सरकल्या, इथले जर्मन हाकलले गेले, आणि पूर्वेकडून हाकललेले आम्ही मालगाडीने गायी-कोंबड्यांसकट त्यांच्या घरांत उतरलो.

भूगोल त्याहून सोपा. एक रस्ता, एक तळं, बटाट्याची शेतं, टोकाला चर्च आणि चर्चमागे जर्मनांची दफनभूमी. तिथे थडगी होती, वर दगड नव्हते. इतके गुळगुळीत दगड मेलेल्यांपाशी नुसते पडून राहतात हे वडीलधाऱ्यांना बघवलं नाही. त्यांनी ते डुकरांच्या गोठ्यात फरशी म्हणून बसवले. अक्षरं खाली, पाठ वर. डुकरांना उगाच संकोच नको.

यंदा सप्टेंबरात गावातल्या जुन्या जर्मन रहिवाशांची बस येणार असं कळलं, आणि सरपंच झेनोबीने सगळ्यांना गोठे उकरायला लावले.

"चर्चचं छप्पर गळतंय," तो म्हणाला. "पाहुणे खूश झाले पाहिजेत. एकही दगड मागे राहता कामा नये."

"माझी डुकरं कुठे झोपवू? तुझ्या पलंगावर?" कोणीतरी विचारलं.

"चालेल. बायको माहेरी गेलीय."

सर्वांत सुंदर दगड झेनोबीच्याच गोठ्यात निघाला. लहान मुलाच्या थडग्यावरचा, पाय दुमडून बसलेलं कोकरू कोरलेला. आम्ही तो बादलीभर पाण्याने धूत होतो, तेवढ्यात लेओकादियाकाकू आल्या. साठीच्या, गावात सर्वांत कमी बोलणाऱ्या. त्या चिखलातच बसल्या आणि कोकराच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.

"झेनोबी, हा तुझ्या बापाने कुठून उचलला होता रे?"

"दफनभूमीतून, काकू. अजून कुठून?"

"ते कळतं मला. दफनभूमीत कुठे होता?"

मग त्यांनी सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वी त्यांना मूल झालं ते मेलेलंच. बाप्तिस्मा झाला नाही म्हणून पाद्रीबुवांनी आपल्या दफनभूमीत जागा दिली नाही. नवऱ्याने पेटी जर्मनांच्यात नेऊन पुरली आणि घरी येऊन एवढंच बोलला: कोकराच्या शेजारी. काकू तापाने अंथरुणाला खिळलेल्या. वसंतात उठल्या तोवर दगड गोठ्यात गेले होते. नवऱ्याला विचारलं की तो हात असा गोल फिरवायचा, आणि बाटली उघडायचा. तोही गेला.

"पाहुण्यांत कुणाला तरी आठवत असेल," काकू म्हणाल्या. "मी विचारीन."

झेनोबीच्या हातातला ब्रश थांबला. "अजिबात नाही! दगड कुठे होता असं विचारलंत, म्हणजे तो आपण हलवला हे कबूलच केलंत की!"

"हलवला नाहीस का?"

"काकू, छपराचा विचार करा जरा."

"चाळीस वर्षं मी जमिनीचाच विचार करतेय, बाळा."

कोणता दगड कुठला हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा आम्ही आम्हाला येतं तसं केलं. दोरी ताणली, जमीन सपाट केली आणि दगड उंचीप्रमाणे ओळीने लावले, बटाटे लावतो तसे. कोकरू पुढे, मधोमध. फाटकाजवळचं लिंडनचं झाड बसच्या आड येत होतं. ते तोडलं, तिथे बस उभी करायला खडी टाकली आणि रोडरोलर फिरवला. कडेला फलक लागला: 'गेंसीनेक: भूगोल आणि इतिहास. येथे सर्व लोक सदैव सलोख्याने राहिले.' रंग ओला होता, म्हणून हात लावू नये असंही लिहिलं.

बस आली. पाहुण्यांनी रुमाल काढले. इर्मट्राउट नावाची एक बाई कोकरासमोर थांबली आणि रडत बोलू लागली. शाळेतल्या हालश्काबाई भाषांतर करत होत्या.

"म्हणतात, हा त्यांचा धाकटा भाऊ. त्यांना वाटायचं, तो फाटकापाशी होता, डाव्या हाताला, लिंडनच्या बुंध्याला लागून. पण तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या, चुकत असतील. तुम्ही सगळं होतं तसं जपलंत."

"होतं तसंच!" झेनोबी घाईने म्हणाला.

काकू वळल्या आणि फाटकाकडे चालू लागल्या. डाव्या हाताला बस उभी होती. त्यांनी ड्रायव्हरला हाताने खूण केली: सरक, सरक. त्याने हसून हात हलवला.

झेनोबी धावत आला. "काकू, पाया पडतो. पाच वाजता बस जाईल, मग काय ते करा."

काकू मागच्या चाकापाशी गुडघे टेकून बसल्या आणि नखांनी खडी उकरू लागल्या. रोडरोलरने दाबलेली खडी, ती काय निघते!

पाहुणे जमले. काय झालं म्हणून विचारू लागले.

"अंगठी," झेनोबी म्हणाला. "म्हातारीची अंगठी पडलीय."

हालश्काबाईंनी काकूंकडे पाहिलं, झेनोबीकडे पाहिलं, आणि तेवढंच भाषांतर केलं.

इर्मट्राउटबाईंनी पर्स माझ्या हातात दिली. चांगला फिकट कोट होता अंगावर, तशाच त्या काकूंच्या शेजारी गुडघ्यांवर बसल्या, आणि एकेक खडा उचलून त्याखाली बघू लागल्या.